अंथरुणाचा रेटा

वॉरंबा, ३ मे १९९७

प्रिय बेरिल,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र चुलीत टाकलं नाहीस, एवढ्यावर मी आज समाधान मानतो. तुमच्या होबार्टला चुली उरल्या आहेत की नाहीत, देव जाणे. इथे आहेत. मे लागला, थंडी सुरू झाली की संध्याकाळी सगळ्या गावावर लाकडाचा धूर रेंगाळतो, आणि मला शाळा सुटल्यासारखं वाटतं. या वयातही.

नोला अंथरुणाला खिळली आहे. मार्चमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, जिभेची चव परत आली, राग तर त्या दोघांच्या आधीच आला. पाय मात्र आले नाहीत. डॉक्टर म्हणतात, येणारही नाहीत. हृदय थकलंय, हिवाळा काढला तर काढला.

तिचं एकच मागणं आहे. मरण घरी यावं. डॉक्टरांना तिने तोंडावर सांगितलं, "या घरातून मला एकदाच बाहेर न्यायचं, आणि तेव्हा मला काही कळत नसेल." ते बिचारे हसले आणि त्यांनी अट घातली: पाठीला जखम होत नाही तोवर घर. झाली आणि खोल गेली, की शहरातलं मोठं इस्पितळ. शहर इथून किती लांब आहे ते तुला सांगायला नको. तिकडे गेलेलं आमचं म्हातारं माणूस परत आलेलं मला आठवत नाही.

तर माझं आता तेच काम आहे, नोलाची पाठ राखणं. तिची कूस बदलतो, चादरीला सुरकुती पडू देत नाही, खाली मेंढीचं कातडं अंथरलंय. पाठ अगदी स्वच्छ आहे.

परवा तिने तुझी आठवण काढली. म्हणाली, बेरिल आता कशी दिसत असेल?

तुला आपली एकशिक्षकी शाळा आठवते का? तू पहिल्या बाकावर, नोला तुझ्या मागे, मी खिडकीपाशी. कळपामागून जाणाऱ्या गुराख्याची ती कविता. तू उभी राहून म्हणायचीस,

कळप निघाला, सांज उतरली, मागे उरली धूळ;

आणि तिथेच अडायचीस. दर वेळी. मग मागून नोला ओठ न हलवता पुरवायची,

हाक कुणाला मारू आता, वाट न सांगे मूळ.

मास्तरांना कळायचं, पण ते खिडकीबाहेर पाहत राहायचे. बेरिल, ये. तिच्याकडे वेळ थोडा आहे.

तुझा मेहुणा,
विल्फ


वॉरंबा, २४ मे

प्रिय बेरिल,

तुझं कार्ड पोचलं. पेंग्विनचं चित्र नोलाच्या उशाशी लावलंय. मागे तू एवढंच लिहिलंस: "टाचा आणि माकडहाड कसं आहे? खरं लिही." सही नाही, खुशाली नाही. अगदी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरसारखं; नर्सपण सुटत नाही तुझं.

पाठ स्वच्छ आहे.

तो प्रश्न लिहिताना तुझ्या डोळ्यांपुढे तुमचे बाबा होते, हे मला कळतं. त्यांचा तो शेवटचा हिवाळा, आमच्या घरी. तू होबार्टहून आलीस, हात धुतलेस, बाबांना कुशीवर केलंस, चादर वर केलीस, पाठीच्या जखमा पाहिल्यास. मग स्वयंपाकघरात आलीस आणि सगळ्यांदेखत नोलाला म्हणालीस, "जनावरालासुद्धा कूस बदलायला मिळते." नोला भोपळा चिरत होती. ती चिरतच राहिली. तेव्हापासून तुम्ही दोघी बोलला नाहीत. बाबांना मातीत ठेवतानाही नाही.

मी त्यावर काही म्हणत नाही. मी आपला विज्ञानाचा मास्तर, मला जे येतं ते लिहितो.

मी जन्मभर फळ्यावर एकच चित्र काढलं. टेबल, त्यावर पुस्तक. खाली जाणारा बाण म्हणजे पृथ्वीची ओढ. वर येणारा बाण म्हणजे टेबलाचा रेटा. क्रमिक पुस्तकात त्याला अभिलंब बल म्हणतात. त्या नावाला पोरं बिचकायची, म्हणून मी रेटा म्हणायचो. आणि सगळ्यांना वाटायचं, हे दोन बाण म्हणजे नवराबायको. एक आला की दुसरा आलाच. तसं नसतं. पृथ्वी नोलाला खाली ओढते, आणि त्याची जोडी म्हणजे नोला पृथ्वीला तेवढीच वर ओढते. त्या दोघींचं आपसात मिटलेलं आहे. पलंग तिसराच, मधे आलेला. माणूस खाली जाऊ नये म्हणून जेवढं लागेल तेवढंच तो रेटतो. सपाट झोपलेल्याला त्याच्या वजनाएवढं, ना कमी ना जास्त.

आणि गंमत अशी की ओढ कुणाला दुखत नाही. ती हाडामांसाच्या कणाकणाला सारखी धरते. दुखतो तो रेटा. कारण तो जिथे टेकतं तिथेच लागतो. टाचेला. खांद्याच्या पात्याला. माकडहाडाला.

डोक्याकडून पलंग उचलून पाहिला. उतारावर रेटा कमी होतो, हे मी कागदावर मांडून दाखवीन. पण मग ती खाली घसरते. कातडं चादरीला धरून बसतं आणि आतलं हाड पुढे निघून जातं. ते जास्त वाईट. पुन्हा सपाट केला.

सरकारी दवाखान्याची सिस्टर येते ती जोलीन, माझीच विद्यार्थिनी. तिने एकदा उत्तरपत्रिकेत काय लिहिलं होतं सांगू? प्रश्न होता, मेंढीला जमीन किती रेटते. तिने लिहिलं, "लोकर कातरायच्या शेडमध्ये तळाला पट्ट्या असतात आणि मधे लेंड्या पडायला फटी असतात, म्हणून तिथे रेटा निम्माच." शहरातल्या पोराला ही चूक सुचणार नाही! मी तिला उभं करून विचारलं, "मग निम्मी मेंढी फटीतून खाली का जात नाही?" वर्ग हसला. रेटा पुराच असतो, तो पट्ट्यांवर गोळा होतो, म्हणून एकेका पट्टीला दुप्पट सोसावं लागतं.

परवा नोलाच्या टाचेखाली हात घालून जोलीन म्हणाली, "सर, तुमची ती मेंढी मला आता रोज भेटते."

नोला वाळत चाललीय. वजन उतरतंय. तुला वाटेल, चला, रेटा कमी झाला. पण मांस गेलं की हाडं वर येतात, आणि मग पट्ट्याच उरतात.

कधी येतेस?

विल्फ


वॉरंबा, १५ जून

प्रिय बेरिल,

आज आनंदाने लिहितो आहे. नोला उभी राहिली!

ही करामत डार्सीची. तोच, तुमच्या बाबांच्या टोळीतला सर्वांत धाकटा लोकर कातरणारा. आता त्याचीही पाठ गेली आहे. त्या लोकांची अलीकडची झोळी तू पाहिली नसशील. छपराच्या वाशाला स्प्रिंग, स्प्रिंगला चामड्याचा रुंद पट्टा. त्यात छाती टाकून माणूस मेंढीवर वाकतो, आणि धडाचं ओझं त्याच्या कमरेऐवजी वासा घेतो. तुमच्या बाबांच्या वेळी ही असती तर! ती झोळी घेऊन डार्सी काल आमच्या व्हरांड्यात हजर.

"मास्तर, बायको कुठे टांगायची?"

आतून नोला ओरडली, "तुझी टांगली होतीस का रे? म्हणून पळाली?"

"स्प्रिंग तोडून पळाली, बाई. तुमच्यासाठी जाड आणलीय."

"म्हणजे मी जाड?"

"मी स्प्रिंगबद्दल बोलतोय!"

छातीला एक पट्टा, बसकेला आधार म्हणून मागून दुसरा. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी तिला खुर्चीतून झोळीत घेतलं, आणि वाशाने कुरकुरत तिला उचललं. मला राहवलं नाही. न्हाणीघरातला वजनकाटा आणून मी तिच्या पावलांखाली सरकवला. काटा जेमतेम हलला, लहान मुलाच्या वजनावर थांबला.

"एवढीशीच राहिले मी?" नोला म्हणाली.

"पुरी आहेस. पृथ्वी तुला होती तेवढीच ओढतेय. काटा वजन सांगतच नाही, खालून किती रेटा लागतोय तेवढंच सांगतो. बाकीची तू वाशाला टांगली आहेस."

"जन्मभर माझ्याशी असंच बोलत आलायस," ती म्हणाली, पण हसली. बेरिल, दोन्ही बाजूंनी हसली असं वाटलं मला.

कठड्यापलीकडे गुलाबी काकाकुव्यांचा थवा गवतात उतरला होता. ती बघत राहिली. मार्चपासून तिने छत पाहिलंय, नाहीतर भिंत. मी म्हटलं, आता उतरवू या. "थांब रे." पुन्हा म्हटलं. "विल्फ, गप्प बस. किती उंच आहे मी." डार्सीने टोपी काढून डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला. धूळ कुठली, काल वाराही नव्हता. चहा गार होईस्तोवर आम्ही तिला उतरवलं नाही.

तू असायला हवी होतीस.

विल्फ


वॉरंबा, २९ जून

प्रिय बेरिल,

गुरुवारच्या बसने येतेस हे फोनवर ऐकलं, आणि मला बोलता येईना म्हणून मी लाइन खराब असल्याचं सांगितलं. लाइन चांगली होती. हे पत्र तुला निघण्यापूर्वी मिळावं म्हणून विमानाच्या टपालाने टाकतो आहे.

मागच्या पत्रात मी झोळीचं चांगलं ते सगळं लिहिलं, उरलेलं लिहिलं नाही. तिला खाली घेतलं तेव्हा मागच्या पट्ट्याने माकडहाडापाशी लाल रेघ उठली होती. बोट दाबलं तर पांढरी पडेना. दुसऱ्या दिवशी ती जांभळी झाली. मग कातडं सुटलं.

मी जोलीनच्या पोरकट उत्तराला हसलो होतो. पायांवरून काढलेलं ओझं नाहीसं थोडंच होतं? ते पट्ट्यांवर गेलं. आणि मागचा पट्टा जेमतेम चार बोटं रुंद. मला हे माहीत होतं. काटा दाखवून मी नोलाला समजावूनही सांगितलं होतं. पण ती उभी होती, बेरिल, बाहेर बघत होती. त्या वेळी मला फक्त तीच दिसत होती.

जोलीनने चादर उचलली.

"सर, हे कधीचं?"

"आत्ताआत्ताचं."

"सर."

"झोळीच्या दिवसापासून."

तिने जखम धुतली, बांधली. बाहेर येऊन म्हणाली, "मला डॉक्टरांना सांगावं लागेल. घरी कुणी जाणती परिचारिका राहत असेल तर ते थोडे दिवस थांबतील. तुमच्या एकट्याच्या हातचं हे नाही."

म्हणजे नोलाचं घर आता तुझ्या हातांवर आहे. आणि नोला म्हणते, "बेरिलला माझी पाठ दिसता कामा नये. तिने ती पाहण्यापेक्षा मला शहरात टाक." मी तिला कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. उशी नीट केली.

आणखी एक. तिने तुझी आठवण काढली असं मी लिहिलं होतं. तिने काढली नव्हती. ते वाक्य माझं होतं.

तरी तू ये. चादर तर तुला उचलावीच लागेल. उचललीस की काही बोलू नकोस, एवढंच मागतो. ते जनावराचं वाक्य नको, त्याच्यासारखं दुसरंही नको. काहीच नको.

विल्फ


वॉरंबा, ३ ऑगस्ट

प्रिय बेरिल,

तुझी बस वळणाआड गेल्यावर मी थोडा वेळ दुकानापाशीच उभा होतो. मग घरी आलो. तू घड्या घालून ठेवलेल्या चादरी अजून वापरल्या नाहीत.

तू शब्द पाळलास. इतके दिवस राहिलीस, तिला उचललंस, धुतलंस, जखमेतलं मेलेलं मांस काढलंस. तोंडातून एक वाकडा शब्द नाही. सरळही नाही. "वळवते हं," "पाय सोड," "झालं," एवढंच. नोला भिंतीकडे तोंड करून पडायची. तू गेलीस की डोळे उघडायची. मी दाराशी उभा राहून तुम्हा दोघींकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, आता कुणीतरी बोलेल. तू निघताना तिच्या खांद्यावर हात ठेवलास, तो तिने झटकला नाही. मला वाटलं, यातच सगळं आलं.

घरी आलो तर ती जागी होती.

"गेली?"

"गेली."

"काहीच बोलली नाही."

"तुला ते ऐकायचं नव्हतं ना?"

"नव्हतंच ऐकायचं." तिने चेहरा माझ्याकडे वळवला. "पण मी उत्तर ठेवलं होतं, विल्फ. भोपळा चिरताना सुचलं नव्हतं. नंतर सुचलं. रोज घासूनपुसून ठेवत होते. ती चादर उचलायची तेव्हा वाटायचं, आता म्हणेल, आणि मी देईन. ती म्हणालीच नाही. मग मी देऊ कशाला?"

"मला सांग. मी तिला लिहितो."

"तुझा काय संबंध?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बेरिल, तुझं तोंड मी बंद केलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. शाळेत मी मुलांना भिंतीला टेकून उभं करायचो आणि विचारायचो, भिंतच नसती तर कुठे गेला असतात? पोरं म्हणायची, पडलो असतो, सर. पुढचा धडा घ्यायचा म्हणून मी हो म्हणायचो आणि फळा पुसायचो.

जखम आता हाडाला टेकली आहे. तू असताना मिटेल असं वाटत होतं, पण हृदयातून रक्तच पोचत नाही, म्हणाली जोलीन. डॉक्टर येत्या आठवड्यात येऊन पाहणार आहेत.

शनिवारी दुपारी फोन कर. मी तिच्या कानाला लावून धरतो. तिला ते वाक्य म्हण. तसंच म्हण, स्वयंपाकघरात म्हणालीस तसं. लागलं तर लागू दे. तिला उत्तर द्यायचं आहे.

विल्फ


शहरातून, १७ ऑगस्ट

प्रिय बेरिल,

शनिवारी तू फोन केला असशील. घरी कुणी नव्हतं. डॉक्टर शुक्रवारीच आले, आणि त्याच दिवशी तिला इकडे आणलं. रुग्णवाहिकेत स्ट्रेचर चढवताना ती पूर्ण शुद्धीवर होती. डार्सीने फाटक धरलं होतं, तिने त्याच्याकडे पाहिलं, एवढंच.

इथे हवेची गादी आहे. यंत्र आळीपाळीने तिचे कप्पे फुगवतं आणि सोडतं, म्हणजे कुठल्याच जागी फार वेळ टेकत नाही. फार हुशारीने केलेली वस्तू आहे. आता तिचा उपयोग नाही, असं इथल्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. विष रक्तात भिनलंय.

मंगळवारी तिला ताप चढला. कूस बदलायला एक बाई येतात, टोंगा बेटांकडच्या, दांडग्या, गाणं गुणगुणत काम करणाऱ्या. त्यांनी चादर वर केली तशी नोलाने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. अगदी घट्ट. आणि डोळे उघडून स्पष्ट म्हणाली,

"बेरिल, बाबांना उलटं करायला दोन माणसं लागायची. मी एकटीच होते. विल्फ शाळेत असायचा. मी हाताने करून पाहिलं, चादरीने करून पाहिलं. एकदा मी त्यांच्याखाली अडकले आणि आम्ही दोघं तसेच पडून राहिलो, संध्याकाळपर्यंत. ते माझी माफी मागत होते. तू होबार्टहून सणाला केक पाठवायचीस."

त्या बाई म्हणाल्या, "हो गं माझी राणी, हो. आता हात सोड बरं, वळवते तुला."

नोलाने हात सोडला.

मी खुर्चीत बसलो होतो. हे बोलणं तुमच्यासाठी नव्हतं, असं त्यांना सांगायला उठलोही होतो. त्यांना पुढच्या पलंगावर जायचं होतं.

त्यानंतर ती बोललेली नाही. डोळेही उघडत नाही. तू आता इतक्या लांब येऊ नकोस. आलीस तरी ती तुला ओळखणार नाही. तिचे शब्द होते तसे वर लिहिले आहेत. केकचं लिहू की नको, याचा मी फार विचार केला.

विल्फ